अळूच्या रसाची एक प्लेट

मक्याचा कोंब बघून कोणाला भीती वाटत नाही. मलाही वाटायची नाही, आणि मी तर दूध तापवायच्या आधी वास घेणारी, तापल्यावर घेणारी आणि निवल्यावर पुन्हा घेणारी बाई. घरात मला सगळे शंकेखोर म्हणतात. नवरा म्हणतो, ही देवळातला प्रसादसुद्धा उलटा करून बघते. बघते, खोटं कशाला बोलू? एकदा पेढ्याला खालून बुरशी निघाली होती, तेव्हा कोणी हसलं नाही.

दादरकडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं असिस्टंट आहे. बाटल्या धुवायच्या, प्लेटा ओतायच्या, कुठल्या फ्रिजमध्ये काय आहे ते लक्षात ठेवायचं. मॅडम येतात-जातात, विद्यार्थी येतात-जातात, फ्रिज आणि मी तिथेच. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक नवीन मॅडम आल्या आणि त्यांनी मक्याचे कोंब वाढवायला घेतले. कोवळे, पोपटी, बोटभर. ते कुटायचे, गाळायचे, आणि तो रस एका पातळ पिशवीत बांधून थंड पाण्यात ठेवायचा. पाणी मधूनमधून बदलायचं. याला मी ‘रस धुणं’ म्हणायचे. हे काम माझं.

मॅडमचा प्रयोग मी बघून बघून शिकले. त्यांच्याकडे एक जिवाणू होता, मुद्दाम पांगळा करून ठेवलेला. एक अन्नघटक त्याला स्वतःचा स्वतः बनवता येत नाही. तो घटक नसलेल्या प्लेटवर सोडला तर उपाशी मरतो. पण एखाद्या रसायनानं त्याच्या आतला मजकूर बिघडवला, तर त्या बिघाडात कधीकधी त्याचा पांगळेपणा जातो आणि तो वाढायला लागतो. प्लेटवर ठिपका दिसतो. जेवढे ठिपके जास्त, तेवढं रसायन वाईट. अशा रसायनाला म्युटाजेन म्हणतात.

एका सोमवारी मॅडमनी मला दोन प्लेटा शेजारी ठेवून दाखवल्या. दोन्हींत एकच रसायन, केस काळे करायच्या डायमध्ये असतं त्या जातीतलं. पहिलीत जिवाणू आणि रसायन. चार-पाच ठिपके, तेवढे कायमच येतात. दुसरीत जिवाणू, तेच रसायन आणि मक्याचा रस. ती प्लेट ठिपक्यांनी भरली होती. मी विचारलं, रसच खराब होता का? तर त्यांनी तिसरी प्लेट काढली, नुसत्या रसाची. ती साफ.

मॅडम म्हणाल्या की काही रसायनं स्वतः काही करत नाहीत. प्राण्याच्या अंगात गेली की यकृत त्यांची मोडतोड करायला जातं आणि त्या खटपटीत ती घातक होतात. झाडाला यकृत नाही, पण एन्झाइम आहेत. झाड बिचारं आपलं घर साफ करायला जातं आणि मुळातून आलेलं साधं रसायन पानात पोचेपर्यंत भलतंच होऊन बसतं. मग ते पान कोणी खाल्लं तर? मी विचारलं. त्या म्हणाल्या, तेच तर बघायचंय.

झालं. शंकेची पाल चुकचुकायला मला एवढं पुष्कळ होतं.

आता आमच्या काळाचौकीच्या चाळीचं सांगते. मागच्या बाजूला सगळ्या मजल्यांच्या मोऱ्यांचे पाइप खाली उतरतात. तिथे गटार, आणि गटाराच्या कडेनं दोन हात रुंद मातीची पट्टी. त्या पट्टीत माझ्या सासूबाई अळू लावायच्या. पानं अशी की ताटाला ताट. हे अळू वर्षभर कोणी तोडायचं नाही, कारण ते ऋषीच्या भाजीचं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हातानं लावलेलंच खायचं, असा नेम. बाजारात त्या दिवसांत या भाजीच्या जुड्या ढिगानं मिळतात. पण सासूबाई मालवणकडच्या, आणि पक्क्या. "तेंच्या शेतात बैल होतो की नाय, माका काय म्हायत?" असं म्हणायच्या. म्हणजे संशय आमच्या घरात मी सून म्हणून यायच्या आधीपासून होता.

गणपतीच्या आधीचे रविवार म्हणजे आमच्या चाळीतल्या बायकांचे केस काळे करायचे रविवार. प्रत्येक मजल्यावर डोक्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या बायका फिरत असतात. मग मोरीत केस धुवायचे. त्या रविवारी मी गॅलरीत उभी होते आणि खाली गटारातून काळं पाणी वाहताना पाहिलं. अळूच्या अगदी कडेनं. त्यात सकाळची माझीही वाटी होती, हे मला नंतर आठवलं. आधी मी बाकीच्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या देऊन घेतल्या.

एरवी मी ही गोष्ट एक दिवस डोक्यात घोळवली असती आणि सोडून दिली असती. पण माझी धाकटी जाऊ तेव्हा चौथ्या महिन्यात होती. लग्नाला सहा वर्षं झालेली. आधीचे दोन गेले होते. एक दसऱ्याच्या सुमारास, दुसरं पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी. दोन्ही वेळा दिवस भरायला लांब होते, म्हणून बाहेर कोणाला सांगितलंही नव्हतं. रडायलासुद्धा तिला मोरीचं दार लावून घ्यावं लागलं, कारण दोन खोल्यांत दुसरं दार नाही. तिसऱ्या खेपेला आम्ही सगळेच श्वास रोखून होतो. गणपती गावच्या घरी, मोठ्या चुलत सासऱ्यांकडे बसतो. एरवी पुरुष तिकडे जातात आणि आम्ही बायका पंचमी इथेच करतो, पण त्या वर्षी तिच्यासाठी कोणीच गावी गेलं नाही. सासूबाई तिला वाकू देत नव्हत्या, कळशी उचलू देत नव्हत्या.

आणि ऋषिपंचमीला ही त्या अळूची भाजी खाणार होती.

बुधवारी मी अळूची दोन पानं पिशवीत घालून कॉलेजात नेली. मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. मी पानं कुटली, रस फडक्यातून गाळला, जिवाणूत मिसळला आणि एका प्लेटवर ओतला. एकच प्लेट घेतली. माझा हिशेब असा होता की एक प्लेट म्हणजे उरलेली, आणि दोन म्हणजे चोरी. बावीस वर्षांत कॉलेजची साधी कापसाची बोळीही मी घरी नेलेली नाही. प्लेटच्या तळाला मार्करनं काही लिहिलं नाही, इन्क्युबेटरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात मागे सरकवून ठेवली.

दोन दिवसांनी दार उघडून पाहिलं. प्लेट गच्च भरली होती. मॅडमच्या मक्याच्या प्लेटपेक्षा जास्त. मी ती रुमालात गुंडाळली आणि बाटल्यांच्या कपाटात लपवली.

घरी आले तेव्हा जाऊ गॅलरीत वाटाणे सोलत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि हळूच सांगितलं की पंचमीच्या भाजीतलं अळू तू खाऊ नकोस, ते गटाराच्या कडेचं आहे, त्यात डायचं पाणी जातं, पानात जाऊन त्याचं आणखी वाईट होतं, मी कॉलेजात बघून आले. तिचे हात थांबले.

"ताई, मागच्या दोन्ही वर्षी मी तेच खाल्लं होतं," ती म्हणाली.

मी हे बोलले नव्हते. देवाशपथ, मी फक्त यंदाचं बोलले होते. पण ती दसरा, दिवाळी मोजत होती हे मला दिसत होतं. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं की अगं, वेडी आहेस का, आपण सगळ्याच तेच खातो, त्या गोष्टीचा याच्याशी काय संबंध. मी मूग गिळून बसले. कारण खरं सांगायचं तर बसमध्ये येताना मीही तेच मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. दुपारी सासूबाई पूजेला खालच्या मजल्यावर गेल्या, तेव्हा मी मागे जाऊन सगळं अळू उपटलं. मुळासकट, कंदासकट. पोत्यात भरून पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत टाकलं. वर येईपर्यंत दोन्ही हातांना अशी खाज सुटली की विचारू नका. कोपरापर्यंत लाल. मी साबण लावला, बर्फ लावला, हात पाठीमागे लपवून खोलीत फिरत होते.

सासूबाई आल्या. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग बरणीतली आमसुलं काढली, वाटीत भिजत घातली आणि मला खाली बसवून त्यांचं पाणी माझ्या हातांना चोळायला लागल्या. चांगला अर्धा तास चोळत होत्या. खाज कमी झाली तेव्हा म्हणाल्या, "अळू काढूच्या आधी हाताक तेल लावूचा असता, गो."

त्यांना येतानाच कळलं होतं. रिकामी पट्टी त्यांनी जिन्याच्या खिडकीतून पाहिली होती.

मग मी बोलले. डाय, गटार, पानं, प्लेट, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त एवढं सांगितलं की त्या पट्टीच्या आणि गटाराच्या मधे त्यांनी पहिल्याच वर्षी लाद्या उभ्या पुरल्या होत्या, हातभर खोल, आणि अळूला रोज पहाटे नळाचं पाणी घालत होत्या, आपल्या पिण्याच्या कळशीतलं. देवाला जायचं ते मोरीच्या पाण्यावर कसं वाढवणार? मी इतकी वर्षं त्यांना पहाटे कळशी घेऊन खाली उतरताना पाहत होते. मला वाटायचं तुळशीला जातात. संशयी म्हणवणाऱ्या बाईनं एकदा खाली जाऊन बघायला काय हरकत होती? तरी मन बेटं कुरकुरत होतंच की लादीखालून मूळ गेलंच असेल तर.

माझ्या जावेनं तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं. माझा दीर तसा शांत, पण त्या संध्याकाळी तो घरात आला तो चप्पल न काढताच. त्यानं आईला विचारलं की दोन वर्षं तू हिला तेच घालत होतीस का. माझं वाक्य माझ्या तोंडातून निघालं तेव्हा ‘यंदा खाऊ नकोस’ एवढंच होतं. जावेच्या मनातून जाऊन, दिराच्या तोंडात येईपर्यंत त्याचं हे झालं होतं.

सासूबाई परातीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी काय तिका इख घातलंय?" त्या म्हणाल्या.

इख म्हणजे विष. माझा नवरा टीव्ही बंद करायला उठला, तो आधीच बंद होता. जाऊ पदर तोंडाला लावून उभी होती. तिचा तरी काय दोष? दोनदा पोळलेली बाई, ती ताक फुंकून पिणारच. पण फुंकायला तिला मी शिकवलं होतं.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती घोडपदेवला माहेरी गेली, बाळंतपण होईपर्यंत. आमच्या घरी त्या वर्षी ऋषीची भाजी झाली नाही. सासूबाईंनी आपल्यासाठी वरीचे तांदूळ टाकले आणि दही-भात खाणाऱ्या आम्हा बाकीच्यांकडे पाठ करून जेवल्या.

सुट्टी संपल्यावर मी ती प्लेट मॅडमसमोर ठेवली. चोरी कबूल केली. त्या रागावल्या नाहीत, उलट उत्सुकतेनं प्लेट उजेडात धरली. मग विचारलं, कंट्रोल कुठाय? नुसत्या बाजारच्या अळूच्या रसाची प्लेट? डाय न लागलेल्या पानांची? मी म्हटलं, एकच प्लेट केली. मग त्यांनी विचारलं, रस धुतला होता का?

मी नाही म्हटलं, आणि तसं म्हणतानाच मला काहीतरी चुकल्याचं कळलं.

मॅडमनी समजावलं. पानाच्या कच्च्या रसात तो अन्नघटक मुळातच असतो, ज्याच्यावाचून आपला जिवाणू उपाशी मरतो. रस पिशवीत बांधून पाण्यात धुतो ते तो घटक निघून जावा म्हणून. न धुतलेला रस ओतला की जिवाणूंना आयतं जेवण मिळतं आणि ते वाढतात. कोणाचा मजकूर बिघडत नाही, काही नाही. या प्लेटवरून डाय होता की नव्हता, काहीच कळत नाही. तीन वर्षं दर आठवड्याला मी तो रस धुतला. बाजारातली मेथी तीनदा धुते तशी धुतला. का धुतो, हे एकदाही विचारलं नाही. जगातल्या सगळ्या गोष्टींवर संशय घेतला, फक्त स्वतःच्या हाताच्या कामावर नाही.

मी विचारलं, म्हणजे अळू चांगलं होतं ना? मॅडम म्हणाल्या, तसंही मी म्हणत नाहीये. मला माहीत नाही. पानं उरली असतील तर आण, नीट बघू. पानं कुठून आणू? मीच तर कचऱ्याच्या गाडीत घातली होती.

त्याच संध्याकाळी मी घोडपदेवला गेले. जावेच्या आईनं चहा ठेवला. मी जावेला सगळं सांगितलं, माझी चूक, धुतलेला रस आणि न धुतलेला रस, लाद्या, कळशीचं पाणी. तिनं अगदी लक्ष देऊन ऐकलं. मग सरळ विचारलं की म्हणजे त्यात काहीच नव्हतं ना?

नव्हतं, एवढं एक अक्षर खोटं मला बोलता आलं असतं. त्यानं कोणाचंही काही बिघडलं नसतं. पण माझी जीभ बावीस वर्षं प्रयोगशाळेत वाढलेली. मी म्हटलं, "ते आता कळणार नाही गं. माहीत नाही."

तिनं मान डोलावली आणि पोटावर हात ठेवला. ती काळाचौकीला परत आली नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, तरी त्या संध्याकाळी जिना उतरताना मला तिचा राग आला, मग माझा आला आणि तो अजून गेलेला नाही.

सासूबाईंनी पुढे त्या पट्टीत काहीच लावलं नाही. पहाटेची कळशी मात्र भरून मोरीपाशी ठेवायच्या. दुपारी त्याच पाण्यानं फरशी पुसायच्या. माझ्याशी बोलणं पूर्वीसारखंच. हाक, चहा, भाजी काय करू. फक्त माझ्यासमोर त्या स्वयंपाक करताना झाकण ठेवत नव्हत्या. मीठ घालतानासुद्धा डबा माझ्याकडे तिरका धरायच्या, मला दिसेल असा. मी म्हटलं, आई, असं करू नका. त्या म्हणाल्या, काय करतंय मी? आणि फोडणी दिली.

माघात जावेला मुलगी झाली. ठणठणीत, रडकी, नाकानं थेट सासूबाईंवर गेलेली. फोन आला तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून अळिवाचे लाडू करायला घेतले. नारळ स्वतः खोवला. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवले. गूळ आणायला मला सांगितला, आणि मी आणलेला गूळ माझ्यासमोरच चाखून पाहिला. मला बोचलं, पण मी काय तोंडानं बोलणार?

बाराव्या दिवशी आम्ही घोडपदेवला बारशाला गेलो. खोलीत पंधरा-वीस बायका. पाळणा झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या, मग तिला माझ्याकडे देऊन पिशवीतून लाडवांचा डबा काढला. जावेसमोर ठेवला आणि झाकण उघडलं. खोबऱ्याचा, वेलचीचा वास सुटला.

जावेनं हात पुढे केला. डब्याच्या काठापाशी तो थांबला, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. वाईट मनानं नाही, हे मी शपथेवर सांगेन. रस्ता ओलांडताना मूल आईकडे बघतं तसं, नुसतं विचारायला. खा, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण माझ्या हातात बाळ रडायला लागलं आणि तेवढ्यात जावेचं थांबणं सासूबाईंच्या लक्षात आलं.

त्यांनी डब्यातला लाडू उचलला, मोडला, अर्धा आपल्या तोंडात टाकला. दात नाहीत पुढचे, त्यामुळे चावायला वेळ लागला. मग तो गिळला. हात मांडीवर ठेवून, सगळ्यांना दिसतील अशा, तशाच बसून राहिल्या. बायकांच्या गप्पा एकेक करून थांबल्या. मग उरलेला अर्धा लाडू त्यांनी धाकट्या सुनेपुढे धरला.

"आता खातलंस मा?" त्यांनी विचारलं.